‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ मंडळात दाखवायचा आहे: पडदा, आवाज, मराठी सबटायटल्स आणि प्रास्ताविक

दादर_शनिवार

नमस्कार मंडळी. दादरच्या आमच्या चित्रपट मंडळात ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात स्टॅनली कुब्रिक यांचा ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ दाखवायचा आहे. अमेरिकी हवाई दलाचा जनरल रिपर स्वतःच सोव्हिएत संघावर अणुबॉम्बवाली विमानं धाडतो आणि राष्ट्राध्यक्ष वॉर रूममध्ये बसून ती थांबवायला धडपडतो, अशी त्याची गोष्ट. परवानगीसाठी हक्कधारकांशी पत्रव्यवहार सुरू आहे, तेव्हा तो विषय बाजूला ठेवू. मदत हवी आहे ती प्रत्यक्ष खेळासाठी.

हॉल शाळेचा, खुर्च्या सत्तर. पडदा १० फूट रुंद, १६:९ मापाचा, साधा पांढरा. प्रोजेक्टर ३००० ल्युमेनचा, सिंगल चिप डीएलपी, लॅम्पवाला. चित्रपट ब्लू-रेवरून, लॅपटॉपमार्फत. आवाज हॉलच्या दोन स्पीकरांतून. ते मुळात भाषणांसाठी बसवलेले आहेत. वेळ शनिवारी संध्याकाळी पाचची. खिडक्यांना पडदे आहेत, पण पातळ.

प्रेक्षक निम्मे साठीच्या पुढचे, निम्मे रुईया-रुपारेलची मुलं. इंग्रजी सगळ्यांना येतं, पण विमानाच्या घरघरीत टेक्सासच्या उच्चारात बोललेलं कितपत कळेल, शंका आहे. म्हणून मराठी सबटायटल्स करायचा विचार आहे.

प्रश्न असे. चित्र नेमकं कोणत्या मापात दाखवायचं? सबटायटल्स करताना काय सांभाळायचं? मध्यंतर कुठे घ्यायचं? आधी प्रेक्षकांना किती सांगायचं? आणि हिरोशिमा दिनाचं निमित्त साधून खेळ ६ ऑगस्टलाच ठेवावा असं काही सभासदांचं म्हणणं आहे. ते योग्य वाटतं का?

रीळवाला

आधी माप. चित्र १.६६:१ आहे, म्हणजे तुमच्या पडद्यापेक्षा किंचित अरुंद. ब्लू-रेच्या १९२० पिक्सेल रुंदीत खरं चित्र साधारण १७९३ पिक्सेलचं असतं आणि दोन्ही बाजूंना ६४-६४ पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतात. १० फुटी पडद्यावर त्या जेमतेम चार-चार इंचांच्या होतात. त्या राहू द्या. कुणीतरी उत्साहाने रिमोटवर ‘झूम’ किंवा ‘फिल’ दाबून पडदा भरून टाकतो, आणि वरून-खालून मिळून जवळपास सात टक्के चित्र कापलं जातं. या चित्रपटात ते फार महागात पडतं. वॉर रूममध्ये टेबलाच्या डोक्यावर दिव्यांचं मोठं गोल कडं आहे; लांबच्या शॉटमध्ये सगळी रचना त्या कड्यावर तोललेली आहे. जनरल रिपरचे खालून घेतलेले, तोंडात सिगार असलेले क्लोज-अप आधीच घट्ट बांधलेले आहेत, त्यांत कापायला जागाच नाही. प्रोजेक्टरचं सेटिंग ‘ऑटो’ किंवा ‘नेटिव्ह’ ठेवा आणि रिमोट एकाच माणसाच्या हातात द्या.

जुन्या लेझरडिस्कवर आणि सुरुवातीच्या डीव्हीडीवर हाच चित्रपट १.३३ आणि १.६६ असं माप बदलत दिसतो. तशी प्रत हाती आली तर बिघाड समजून चालू खेळात काही फिरवू नका.

आता उजेड. पडदा १० फूट गुणिले साधारण ५.६ फूट, म्हणजे ५६ चौरस फूट. चित्रपटगृहात पडद्यावर १६ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरून परतणाऱ्या उजेडाचं माप) उजेड धरतात. ५६ गुणिले १६ केलं की ९०० ल्युमेन येतात. ‘सिनेमा’ मोडमध्ये तुमचा प्रोजेक्टर खोक्यावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा बराच कमी उजेड देईल, तरी ९०० सहज भागतील. उजेड भरपूर आहे. कमी पडणार आहे तो काळोख. प्रोजेक्टर बंद असताना पडदा जेवढा काळा दिसतो, त्यापेक्षा काळं त्या पडद्यावर काहीच दिसू शकत नाही. पातळ पडद्यांतून उजेड आला की वॉर रूमची काळी चकचकीत जमीन राखाडी होते, भिंती कुठे संपतात ते दिसायला लागतं आणि त्या जागेचा दरारा जातो. ऑगस्टच्या सुरुवातीला मुंबईत सूर्यास्त सव्वासातच्या आसपास होतो. चहा साडेसहाला, चित्रपट सव्वासातला. चित्रपट ९५ मिनिटांचा आहे, नऊच्या आत संपतो, पाऊण तास चर्चा केली तरी लोकलला अडचण नाही. पाचचीच वेळ ठेवायची असेल तर खिडक्यांवर काळा जाड कपडा दुहेरी लावा आणि कडा चिकटपट्टीने बंद करा. फटीतून येणारी एक तिरीपही पडद्यावर रेघ मारते.

प्रोजेक्टर लावताना या क्रमाने जा. डिजिटल कीस्टोन (तिरपं पडलेलं चित्र चौकोनी करण्याची सोय) शून्यावर आणा आणि उंची टेबलाने साधा. कीस्टोनमुळे पिक्सेल ताणले जातात, बारीक रेघा करवतीसारख्या दिसतात. मोड ‘सिनेमा’, रंगतापमान ६५००, कलर शून्यावर, म्हणजे करड्या छटांत निळसर-हिरवट झाक येणार नाही. हालचाल गुळगुळीत करणारी आणि आवर्जून ‘नॉइज’ काढणारी सगळी सेटिंग्ज बंद. लष्करी तळावरच्या चकमकीचा भाग हातात धरलेल्या कॅमेऱ्याने, बातमीपटासारखा खरखरीत चित्रित केलेला आहे; नॉइज रिडक्शन ती खरखर पुसून चेहरे मेणाचे करतं. लॅपटॉपचं आउटपुट २४ हर्ट्झवर. ६० वर ठेवलं तर कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळतं, कारण २४ फ्रेम ६० मध्ये समान बसत नाहीत.

फोकससाठी सुरुवातीची नामावली वापरा. पाब्लो फेरो यांनी हाताने काढलेली ती उंच, बारीक अक्षरं पडद्याच्या कडेपर्यंत पसरलेली आहेत. मधली अक्षरं टोकदार आणि कोपऱ्यातली पुसट दिसत असतील तर प्रोजेक्टर पडद्याला काटकोनात नाही. काळ्याची पातळी वॉर रूमच्या लांबच्या शॉटवर चित्र थांबवून लावा. टेबलाभोवतीच्या माणसांचे काळे कोट मागच्या अंधारात पूर्ण बुडत असतील तर ‘ब्राइटनेस’ एकेक अंकाने वाढवा. कोटाची कड सुटी दिसली की थांबा.

सिंगल चिप डीएलपीचा एक दोष मात्र जाणार नाही. काळ्यावर प्रखर पांढरं असलं आणि नजर झटकन फिरली की काही लोकांना क्षणभर लाल-निळ्या रेषा दिसतात. रंगांचं चक्र फिरत असतं त्याचा हा परिणाम. वॉर रूमच्या दिव्यांभोवती तो हमखास जाणवतो. भाड्याने थ्री-एलसीडी मिळत असेल तर हा त्रास नाही, पण त्यातल्या बऱ्याच यंत्रांचं काळं आणखी फिकं असतं. पूर्ण अंधार करणार असाल तर आहे तोच बरा.

प्रोजेक्टर आणि लॅपटॉप १ केव्हीएच्या यूपीएसवर लावा. पावसाळ्यात वीज क्षणभर जरी गेली तरी लॅम्प आधी गार होऊ द्यावा लागतो, आणि त्या पाच मिनिटांत हॉल गप्पांना लागतो.

दोन_ओळी

आवाज आणि सबटायटल्स एकत्रच बोलतो, कारण आवाज नीट असेल तर सबटायटल्सवरचा भार हलका होतो.

मूळ ध्वनी मोनो आहे. नंतरच्या डिस्कवर ५.१ मिश्रणही असतं, तुम्ही मेनूत जाऊन मोनोच निवडा. लॅपटॉपमधले ‘सराउंड’, ‘हॉल’ वगैरे परिणाम बंद करा. मोनो दोन स्पीकरांतून वाजवताना एक गफलत नेहमी होते: एका स्पीकरच्या तारा उलट जोडलेल्या असतात. भाषणाच्या वेळी ते कुणाच्या लक्षात येत नाही, पण चित्रपटाला मधल्या खुर्च्यांवर बोलणं पोकळ ऐकू येतं, जणू कुणी बोलणाऱ्याच्या तोंडावर हात धरलाय. मधल्या रांगेत उभं राहून ऐका, मग अॅम्प्लिफायर बंद करून एकाच स्पीकरच्या दोन तारांची अदलाबदल करा आणि पुन्हा ऐका. ज्या जोडणीत आवाज भरीव येतो ती कायम करा.

आवाजाची पातळी विमानातल्या प्रसंगावर लावू नका. राष्ट्राध्यक्ष मफली सोव्हिएत पंतप्रधानाशी फोनवर बोलतो तिथे लावा. आपल्याला फक्त एकच बाजू ऐकू येते, पीटर सेलर्स हळू, समजुतीच्या सुरात बोलतात, आणि गंमत सगळी बोलण्यातल्या थांबण्यात आहे. शेवटच्या रांगेत, पंखे चालू असताना, ते थांबणं ‘ऐकू’ आलं पाहिजे. भाषणाच्या स्पीकरांत मधला पट्टा कर्कश असतो. मिक्सरवर ट्रेबल थोडा खाली घ्या.

आता सबटायटल्स. एका वेळी दोनच ओळी, ओळीला चाळीसच्या आत अक्षरं, पडद्यावर किमान एक सेकंद आणि जास्तीत जास्त सहा. वाचनाचा वेग सेकंदाला बारा-तेरा अक्षरांवर ठेवा. ज्येष्ठ प्रेक्षक आहेत आणि चेहऱ्यावर बघण्यासारखं खूप आहे. जनरल टर्जिडसन झालेले जॉर्ज सी. स्कॉट बोलता बोलता चेहऱ्याने जे करतात, ते वाचण्याच्या नादात हुकलं तर अर्धा चित्रपट हुकला. त्याची लांब वाक्यं निर्दयपणे छाटा.

विनोदाची वेळ सांभाळणं हे सगळ्यात कठीण काम. वॉर रूममध्ये झटापट थांबवताना राष्ट्राध्यक्ष जे प्रसिद्ध वाक्य बोलतो (‘इथे मारामारी करू नका, ही वॉर रूम आहे’ अशा अर्थाचं), ते एका पट्टीत, म्हणजे एकाच सबटायटलमध्ये, टाकलं तर प्रेक्षक आधीच हसतात आणि नट नंतर बोलतो. ते दोन पट्ट्यांत तोडा. दुसरी पट्टी नेमकी त्याने दुसरा भाग उच्चारला की यायला हवी. हाच नियम बॉम्बफेकी विमानाचा कप्तान मेजर काँग जीव वाचवण्याच्या पेटीतलं सामान वाचून दाखवतो तिथे. पिस्तूल, चार दिवसांचा शिधा, औषधं इथपासून सुरुवात होते आणि यादी च्युइंगगम, लिपस्टिक, नायलॉनच्या मोज्यांपर्यंत जाते. एकेक वस्तू त्याच्या आवाजाबरोबरच येऊ द्या. पुढची वस्तू आधी दिसली की प्रसंग संपला.

पडद्यावर लिहिलेला मजकूरही विसरू नका. तळावर गोळीबार चालू असताना मागे ‘शांतता हाच आमचा पेशा’ अशा अर्थाची पाटी दिसते. ते अमेरिकेच्या स्ट्रॅटेजिक एअर कमांडचं खरं ब्रीदवाक्य होतं, दिग्दर्शकाने रचलेलं नाही. टर्जिडसनसमोरच्या फाइलवर जगातली लक्ष्यं ‘मेगाडेथ’मध्ये, म्हणजे दहा लाख मृत्यूंच्या एककात मोजल्याचं शीर्षक आहे. दोन्हींना पट्टी द्या.

रिपरच्या वहीतल्या गिरगोट्यांवरून त्याच्या हाताखालचा अधिकारी मँड्रेक सांकेतिक अक्षरं ओळखतो, तिथे भाषांतर करू नका. ‘पीस ऑन अर्थ’ आणि ‘प्युरिटी ऑफ इसेन्स’ हे उच्चार जसेच्या तसे देवनागरीत ठेवा, कारण पुढचं सगळं पी, ओ, ई या आद्याक्षरांवर चालतं. शुद्ध मराठी केलंत तर ही तीन अक्षरं आली कुठून ते कुणालाच कळणार नाही. शेवटच्या गाण्याला पट्टी नको. तिथे फक्त बघायचं आहे.

तांत्रिक बाजू: फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, नाहीतर पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग येते. बरेच ब्लू-रे प्लेअर आणि टीव्ही देवनागरी नीट जुळवत नाहीत; जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी चुकीच्या अक्षराला लागते. लॅपटॉपवरून खेळवणार आहात ते उत्तम. फाँट ‘नोटो सान्स देवनागरी’ किंवा ‘मुक्त’, रंग पांढरा, काळी कड दोन-तीन पिक्सेलची. ओळींमधलं अंतर वाढवा, नाहीतर खालच्या ओळीची मात्रा वरच्या ओळीच्या उकाराला भिडते. तपासायला ‘शस्त्रास्त्र’, ‘राष्ट्राध्यक्ष’, ‘किरणोत्सर्ग’ हे तीन शब्द एका चाचणी पट्टीत टाकून मागच्या रांगेतून वाचून बघा.

शेवटची_रांग

मध्यंतर घेऊ नका. चित्रपट तीन बंद जागांत आळीपाळीने फिरतो: रिपरचा बर्पलसन तळ, काँगचं बी-५२ विमान आणि वॉर रूम. या तिन्ही ठिकाणची घड्याळं एकदम चालतात, आणि एका जागी काय चाललंय ते दुसऱ्या जागी माहीत नसतं, त्यावर सगळा ताण उभा आहे. मध्ये दिवे लावून वडा-चहा केला की तो ताण परत आणता येत नाही. चहा आधी द्या.

प्रास्ताविक पाच मिनिटांचं. त्यात ‘हा विनोदी चित्रपट आहे’ हे वाक्य कृपा करून बोलू नका. लोक पहिल्या मिनिटापासून हसायला टपून बसतात, आणि सुरुवातीची वीस मिनिटं सरळ थरारपटासारखी असल्यामुळे चुळबुळ करायला लागतात. ज्या कादंबरीवर चित्रपट आधारलेला आहे, ती पीटर जॉर्ज यांची १९५८ सालची ‘रेड अलर्ट’, पूर्ण गंभीर आहे. कुब्रिक यांनी आधी गंभीरच पटकथा लिहायला घेतली होती, नंतर विनोदी लेखक टेरी सदर्न आले. विनोद वरून शिंपडलेला नाही, हे माझ्या मते प्रेक्षकाला स्वतः सापडायला हवं. विमानातले लोक आपलं काम अतिशय चोख करतात. स्लिम पिकन्स यांनी मेजर काँग एका कर्तव्यदक्ष, आपल्या पोरांवर माया असलेल्या अधिकाऱ्यासारखा केला आहे, एकदाही डोळा मारलेला नाही. चित्रपटातली प्रत्येक कुलूपबंद व्यवस्था शहाण्या माणसांनी शहाण्या कारणासाठी केलेली आहे आणि त्यातली जवळपास प्रत्येक व्यवस्था ठरल्याप्रमाणे काम करते. भयंकर आहे ते हे.

ही साखळी तुमच्या निवेदकाला तोंडपाठ हवी, कारण चर्चेत पहिला प्रश्न तिथेच येतो. ‘प्लॅन आर’ कशासाठी? शत्रूने वॉशिंग्टन उद्ध्वस्त केलं तरी प्रत्युत्तर देता यावं, म्हणून खालच्या सेनाधिकाऱ्याला हुकूम देण्याची मुभा. रिपर तीच मुभा वापरतो. हुकूम मिळाल्यावर विमानातलं सीआरएम ११४ हे उपकरण सुरू होतं. शत्रूने खोटे संदेश पाठवू नयेत म्हणून ते तीन अक्षरी संकेत असल्याशिवाय काहीच आत घेत नाही. संकेत फक्त रिपरला ठाऊक. सगळे संकेत पाठवून बघा म्हटलं तर टर्जिडसन सांगतो, सतरा हजार जुळण्या आहेत, अडीच दिवस लागतील. हिशेब करून बघा: २६ गुणिले २६ गुणिले २६ म्हणजे १७५७६. अडीच दिवसांत ते संपवायचे तर एका संकेताला साधारण बारा सेकंद मिळतात. पटकथेत आकडे असे पडताळून घातले आहेत. पुढे संकेत सापडतो, ३४ पैकी ३० विमानं परत फिरतात, चार पाडल्याचं कळवलं जातं. त्यातलं काँगचं विमान प्रत्यक्षात फक्त जखमी असतं. जवळ फुटलेल्या क्षेपणास्त्रामुळे सीआरएम ११४ निकामी, म्हणून परतीचा हुकूम पोचत नाही. इंधन गळतंय म्हणून ते ठरलेलं लक्ष्य सोडून जवळच्या लक्ष्याकडे वळतं, आणि राष्ट्राध्यक्षाने मन मोठं करून सोव्हिएतांना दिलेली लक्ष्यांची माहिती नेमकी तिथे कुचकामी ठरते.

बघण्यासारखं एक ठिकाण प्रेक्षकांना जरूर सुचवा: वॉर रूम. केन अॅडम यांनी शेपर्टन स्टुडिओत उभारलेला हा सेट १३० फूट लांब, १०० फूट रुंद, ३५ फूट उंच होता. छत तिरपं, वर निमुळतं होत गेलेलं, तळघरातल्या आसऱ्यासारखं. मधलं गोल टेबल हिरव्या कापडाने मढवलेलं होतं. चित्रपट कृष्णधवल, हिरवा रंग दिसणारच नव्हता, पण नटांना आपण पत्त्यांच्या जुगाराला बसलोय असं वाटावं म्हणून. चेहऱ्यांवरचा उजेड बराचसा त्या टेबलावरच्या कड्यातूनच आलेला आहे. म्हणून डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात आणि राष्ट्राध्यक्षाचा शास्त्रज्ञ सल्लागार स्ट्रेंजलव्ह याचा काळा हातमोजा सूटच्या काळ्यावरही उठून दिसतो. भिंतीवरच्या नकाशांमागचे दिवे इतके तापत की मोठे केलेले फोटो फळ्यांवरून सुटायला लागले, आणि त्यांच्यासाठी थंड हवेची सोय करावी लागली.

सेलर्स तीन भूमिकांत आहेत: मँड्रेक, मफली आणि स्ट्रेंजलव्ह. चौथी, काँगची, त्यांना दुखापतीमुळे सोडावी लागली. मफली आणि स्ट्रेंजलव्ह एकाच खोलीत बसलेले असतात, तेव्हा संकलक अँथनी हार्वी यांनी एकाकडून दुसऱ्याकडे कसं नेलंय ते विद्यार्थ्यांना नंतर पुन्हा दाखवा. अर्धा तास त्यावरच बोलता येईल.

शेवटी मुळात केकफेकीची मोठी मारामारी चित्रित झाली होती, ती काढून टाकली. आणि पहिला खास खेळ २२ नोव्हेंबर १९६३ ला ठरला होता. त्याच दिवशी केनेडी यांची हत्या झाली, चित्रपट जानेवारी १९६४ वर गेला. काँगच्या तोंडचं ‘डॅलस’ हे गावाचं नाव नंतर ‘व्हेगस’ असं डब केलं आहे. ओठ नीट पाहिले तर कळतं. हे सगळं चर्चेत सांगा, आधी नको.

६ ऑगस्टबद्दल: माझं मत नको असं आहे. त्या दिवशी माणूस मेलेल्यांची आठवण काढायला येतो. या चित्रपटात बॉम्ब ज्यांच्यावर पडतो त्यांच्यापैकी एकही माणूस नाही, फक्त टाकणारे आहेत. पुढच्या शनिवारी ठेवा.

अणुरेणू

तारखेबाबत माझं मत वेगळं आहे. टाकणारे कसे विचार करतात हे त्या दिवशी तरी बघायला हवं. पण मग आधी हिरोशिमाबद्दल दहा मिनिटं साधेपणाने बोला, दोन मिनिटं शांत बसा, मग पंधरा मिनिटांचं अंतर ठेवा. थेट जोडू नका.

आता विज्ञान. तुमच्या प्रेक्षकांत विज्ञानशाखेची मुलं असणार आणि ट्रॉम्बेचं अणुसंशोधन केंद्र फार लांब नाही, तेव्हा प्रश्न येतीलच.

चित्रपटातल्या ‘डूम्सडे मशीन’मध्ये (हल्ला झाला की आपोआप सगळं जग संपवणारं सोव्हिएत यंत्र) ‘कोबाल्ट-थोरियम जी’ आहे. असं द्रव्य नाही. कोबाल्ट बॉम्बची कल्पना मात्र खरी आहे. भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी १९५० साली ती धोक्याचा इशारा म्हणून मांडली. साधा कोबाल्ट-५९ बॉम्बभोवती गुंडाळायचा, स्फोटातल्या न्यूट्रॉनांनी त्याचा कोबाल्ट-६० होतो आणि धुळीबरोबर पसरतो. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, ५.२७ वर्षं. चित्रपट सांगतो ९३ वर्षं. मुलांना इथे फळ्यावर गणित करायला लावा. अर्धायुष्य ९३ वर्षं असेल तर स्ट्रेंजलव्ह सांगतो तशी निवडक लोकांनी शंभर वर्षं खाणीत काढून वर आलं तरी सुमारे ४७ टक्के किरणोत्सर्ग शिल्लकच असतो. खऱ्या कोबाल्ट-६० चा शंभर वर्षांत पाच लाखांतला एक भाग उरतो. म्हणजे खाणीची ती योजना तिच्याच आकड्यांवर टिकत नाही, आणि खोलीतला एकही माणूस ते तपासत नाही. सगळे निवड कुणाची होणार यात गुंतलेले असतात. उलट बाजूही सांगा: अणूंची संख्या तीच असेल तर अर्धायुष्य जितकं लांब, तितका दर सेकंदाचा मारा सौम्य. ९३ वर्षंवाला पदार्थ सुरुवातीला कोबाल्ट-६० च्या साधारण सतराव्या-अठराव्या हिश्श्याइतकाच तीव्र असेल. लांब टिकणं आणि लगेच मारणं एकाच पदार्थात कमाल पातळीवर येत नाही.

हाच कोबाल्ट-६० लासलगावच्या केंद्रात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून आणि निर्यातीच्या आंब्यातली कीड रोखायला वापरतात. त्याच्या गॅमा किरणांनी कांदा स्वतः किरणोत्सारी होत नाही. ही शंका हमखास निघते, उत्तर तयार ठेवा.

आज्ञेच्या साखळीबद्दल शेवटची_रांग यांच्या मांडणीत भर घालतो. चित्रपटाच्या सुरुवातीला अमेरिकी हवाई दलाची भूमिका म्हणून असं काही घडूच शकत नाही अशा आशयाची पाटी आहे. ‘प्लॅन आर’ मात्र हवेतून आलेला नव्हता. आयझेनहॉवर यांच्या काळात काही वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांना ठरावीक परिस्थितीत अण्वस्त्रं वापरण्याची आगाऊ मुभा दिलेली होती, हे नंतर खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून दिसतं. बॉम्बलाच संकेताचं कुलूप लावायचा आदेश केनेडी यांनी जून १९६२ मध्ये काढला, तोही आधी नाटोच्या ताब्यातल्या शस्त्रांपुरता. वॉशिंग्टन आणि मॉस्कोमधली थेट तार ऑगस्ट १९६३ अखेर सुरू झाली. तो टेलिफोन नव्हता, टेलिप्रिंटर होता, कारण घाईत बोललेल्या शब्दापेक्षा लिहिलेला मजकूर सुरक्षित. मफलीचा तो फोन आठवला की हा निर्णय किती शहाणपणाचा होता ते समजतं.

आपोआप चालणाऱ्या यंत्राची कल्पना अणुयुद्धाचे अमेरिकी अभ्यासक हर्मन कान यांच्या लेखनातून आली. त्यांनी ती मांडली ती असं यंत्र का नसावं हे दाखवण्यासाठी. सोव्हिएत संघात १९८० च्या दशकाच्या मध्यात ‘पेरिमीटर’ नावाची यंत्रणा सुरू झाली. ती अर्धस्वयंचलित होती, शेवटचा निर्णय तळघरातल्या माणसांचा. तीही गुप्त ठेवली होती. जरब बसवायला केलेलं यंत्र लपवून ठेवलं तर जरब कुणाला बसणार, हा स्ट्रेंजलव्हचा प्रश्न तिथे तंतोतंत लागू पडतो.

चर्चा भारतावर येणार. तेव्हा नेमकं सांगा: ४ जानेवारी २००३ च्या निवेदनानुसार आपलं धोरण ‘प्रथम वापर नाही’ असं आहे आणि वापराची परवानगी फक्त पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची राजकीय परिषद देऊ शकते. त्यापुढच्या तपशिलावर अंदाज बांधायला लागू नका.

दादर_शनिवार

सगळ्यांचे मनापासून आभार. वेळ सव्वासात केली, मध्यंतर रद्द. तारीख शनिवारचीच ठेवतोय. ६ ऑगस्टला वेगळं वाचन ठेवू.

एक अडचण राहिली. मराठी पट्ट्यांच्या वेळा एका सभासदाकडच्या युरोपातल्या डीव्हीडीवरून लावल्या आहेत. ब्लू-रेवर त्या सुरुवातीला जुळतात, पण पुढे पुढे पट्टी बोलण्याच्या आधी येते. प्रत्येक पट्टी हाताने सरकवायची का?

दोन_ओळी

हाताने अजिबात नको. युरोपातली डीव्हीडी पाल पद्धतीची असते, चित्रपट सेकंदाला २५ फ्रेमनी धावतो, ब्लू-रे २३.९७६ ने. म्हणून त्या डीव्हीडीवर हा चित्रपट ९१ मिनिटांच्या आसपास संपतो आणि तासाभराने फरक अडीच मिनिटांच्या पुढे जातो. डीव्हीडीवर १:००:०० ला असलेली पट्टी ब्लू-रेवर १:०२:३४ ला हवी.

‘सबटायटल एडिट’ हा मोफत प्रोग्रॅम घ्या. फाइलची एक प्रत बाजूला ठेवून फ्रेमरेट बदलण्याचा पर्याय उघडा: आधीचा २५, नवा २३.९७६. तिथे ते जमलं नाही तर वेळेला १.०४२७ ने गुणण्याचा पर्याय असतो, परिणाम एकच. मग पहिलं निवेदन आणि अगदी शेवटी स्ट्रेंजलव्ह खुर्चीतून उठतो ते वाक्य, या दोनच ठिकाणी तपासा. दोन्हीकडे सारखाच फरक दिसला, समजा पाऊण सेकंदाचा, तर सगळी फाइल तेवढी सरकवा. पहिलं जुळलं आणि शेवटचं हुकलं तर आकडे उलटे भरले गेलेत.

आणि वेग बदलल्यावर वॉर रूममधल्या त्या तोडलेल्या वाक्याची दुसरी पट्टी पुन्हा कानाने लावा. तिथे दहावा हिस्सा सेकंदाची चूकसुद्धा हशाच्या आड येते.